पुढं रस्ता नाही

शुक्रवार पेठेत मी सायकलवर दूध घालायचो.
एक बोळ अडला, म्हशी आडव्या, मांडव, कुणाचं मयत,
तर दुसऱ्यातून शिरायचं,
कुणाच्या परड्यातून, "जरा जातो हं वहिनी" म्हणत,
थेट गंगावेशीत.
चुकलो तरी पोचायचो.

आता पाचगावच्या वर, गुंठेवारीत घर.
ज्यानं जसं रान विकलं तसा रस्ता:
मगदुमांच्या उसाच्या सरीएवढा लांब
आणि बांधापाशी संपलेला.
पलीकडं चौगल्यांचं रान, वेगळा ले-आऊट,
वेगळी कमान, वेगळ्या देवाचं नगर.
दोन्ही रस्ते समोरासमोर येऊन थांबलेले.
मधे भिंत, नऊ इंची.

भिंतीपलीकडं माझी थोरली बहीण, अनुसया आक्का.
तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी इथं मोजतो.
जायचं तर खाली नाक्यापर्यंत,
मग रिंगरोड, पंपाला वळसा,
पुन्हा चढ. पावणेतीन किलोमीटर.
मोबाइलच्या नकाशात मात्र
एका बोटाखाली दोघं झाकतो.

परवा पलीकडून हाक आली:
रस्सा झालाय, गाडी काढू नको.
शिडीची दोन टोकं भिंतीवर आली.
मी इकडून पाण्याचा ड्रम पालथा घातला.
साठीचा माणूस, लुंगी सावरत
वर चढून जरा बसलो.
दोन्हीकडं दिवे लागत होते,
पार माळाच्या टोकापर्यंत ओळीच ओळी,
आणि एक ओळ दुसरीला कुठं शिवत नव्हती.

"उतर की रं," आक्का म्हणाली, "निवतंय."