चिमटा

पुस्तकात त्याला स्विंगआर्म म्हणतात,
हजिऱ्यात सगळे चिमटाच म्हणतात.
मागचं चाक धरून ठेवतो, म्हणून.
फुलके भाजायच्या चिमट्यासारखाच, दोन पायांचा,
फक्त कंबर फ्रेममध्ये एका पिनेत अडकलेली.

ती पिन तीन दिवस हलेना.
जानेवारी. दुपारी बारालाही धुकं,
अंगणात उघडी पडलेली माझी जावा, एकोणसत्तरची,
आणि मी मफलर गुंडाळून ड्रॉपरने तिला डिझेल पाजतोय,
तान्ह्याच्या कानात तेल सोडावं तसं.
हातोडा मारला. पितळेचा दांडा वाकला. पिन तशीच.
"तुमच्याच घराण्यातली दिसतेय,"
नलू खिडकीतून म्हणाली.

याआधी एक मूर्खपणा करून झाला होता.
फालका बाजारातल्या पोराने गळ्यात गॅसचे शॉकर मारले,
पिवळ्या स्प्रिंगा, दीड इंच लांब.
लावले, तर जावा उभी राहिली
कुत्रं बघितलेल्या मांजरीसारखी.
मेन स्टँडवर घेतली तरी मागचं चाक जमिनीला,
चेन चिमट्याला घासून करकरतेय,
आणि कंपूच्या उतारावर
नलूचा चष्मा माझ्या मानेत घुसला.
परत केले. पैसे अर्धेच मिळाले. बरोबरच आहे.

शेवटी टेम्पोत गोधडी अंथरून
फ्रेम नेली रामसेवक कुशवाहच्या प्रेसवर.
त्याने फ्रेमचा कान तापवला, विडी विझवली,
आणि दट्ट्या खाली आणत गेला, आणत गेला,
असा आवाज झाला
की समोर चहावाल्याच्या हातून पेला सुटला.

पिन पुसून त्याने उजेडात धरली.
"इधर से खा गई है बाबूजी. सिर्फ़ इधर से."
उजवी बाजू.
नखाला लागेल एवढी पायरी पडलेली.
डावीकडे मात्र कारखान्याची पॉलिशसुद्धा शाबूत.

तेव्हा हरगोविंद किरार आठवला.
भितरवारचा दूधवाला, चौऱ्याऐंशी साली
ज्याच्याकडून ही घेतली.
त्याचा कॅन एकच असायचा, उजवीकडे, चाळीस लिटरचा.
दुसरा का नाही, मी विचारलं नव्हतं.
म्हशी तेवढंच देत असतील.

नवे बुश गनमेटलचे. रामसेवकच्या भाच्याने लेथवर काढले,
दोन्हींतून एकदमच रीमर फिरवला, एका रेषेत,
मध्ये फोन वाजला तरी हात न थांबवता.
शॉकर जुनेच. धुतले, सील बदलले,
तेल मोजलं खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने,
चुकलो, ओतून काढलं, पुन्हा मोजलं.
निपलमधून ग्रीस भरत राहिलो
दोन्ही टोकांनी पिवळं डोकावेपर्यंत.
मग मागचं चाक धरून आडवं हलवून बघितलं.
टक्क नाही.
त्या टक्कला मी चाळीस वर्षं
गाडीचा स्वभाव समजत होतो.

फूलबागेपर्यंत गेलो, तर गाडी डावीकडे ओढतेय.
परत आलो. दोन्ही चाकांना सुतळी लावली. सुतळी सरळ.
पुन्हा गेलो. पुन्हा डावीकडे.
चिमटा परत उतरवायला पाना घेतला, तेवढ्यात
नलू गजक मोडता मोडता म्हणाली,
"अहो, गाडी सरळच आहे. तुम्ही वाकडे बसता.
पहिल्यापासून. मी मागून बघतेय ना."

दौलतगंजचा शिंपी कोट शिवताना
दर वेळी माझ्या डाव्या खांद्यात जास्तीचा कापूस भरायचा,
आणि मला वाटायचं, फॅशन असेल.

म्हणजे एवढी वर्षं
मी एका कॅनचा तोल सांभाळत होतो,
जो माझ्या वेळी गाडीवर नव्हताच.

आता रोज सकाळी मुरारच्या सरळ रस्त्यावर जातो.
स्वेटरवर स्वेटर घालून नलू मागे,
हात माझ्या डाव्या बरगडीशी.
मी कललो
की चिमटा काढते.