दुसऱ्या गेटजवळचा डेमो पीस

हुबळीचा हुलकोटी म्हणाला,
"चोवीस घ्या, बारावर कमिशन नाही."
मग खोकं फोडता फोडता स्वतःच म्हणाला,
"खरं सांगू? हे जात नाही.
मारामारीचं जातं, गाड्यांचं जातं.
ह्यात नुसतं डोकं."
तरी मी चोवीस घेतले.
का, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

खेळ असा आहे:
तळहाताएवढा पडदा, पडद्यात एक पोरगा,
हातात कंदील, समोर दारांनी भरलेला डोंगर.
दारांना कुलूप नाही, कडी नाही.
कंदील कुठं ठेवायचा तेवढं आपण ठरवायचं,
सावली नेमकी भेगेत बसली
की दार सरकतं.
मारायला कोणी नाही. मरायचंही नाही.
चुकलं तर तो पोरगा पायरीवर बसतो
आणि आपल्याला सुचेपर्यंत
कंदिलाची काच पुसत राहतो.
ह्याची जाहिरात कशी करायची?

आणि अख्ख्या खेळात एक शब्द नाही.
हे मला पहिल्या रात्री कळलं, शटर अर्धं ओढून.
माझ्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
पेंटरनं दोन्हीचे वेगळे पैसे घेतले.
इथं नुसते बाण, चांदण्या, एक मिटलेला डोळा.
कुणी कुणाला वाचून दाखवायला नको.
तीन दारं उघडली त्या रात्री.
चौथ्याला जेवण गार झालं.

वही सांगते:
ऑगस्टात एक, वडगावचे मागवाले बिर्जे, नातवासाठी.
सप्टेंबरात एक, तो परत आला,
"ह्यात गोळी कुठनं झाडायची?"
ऑक्टोबर कोरा.

तेव्हा मी एक पीस काउंटरला दोरीनं बांधला,
बँकेत पेन बांधतात तसा.

दुसरं गेट पडलं की टिळकवाडीचा रस्ता थांबतो.
मिरजेची गाडी असेल तर चार मिनिटं,
मालगाडी असेल तर नशीब.
पावणेपाचला सायकल टेकवून एक पोरगी यायची,
केतकी सुंठणकर, आठवी, वेणीला एकच रिबीन.
गेट पडलं की दोरी ओढायची,
गेट उठलं की म्हणायची, "उद्या येतो, काका.
तिथंच ठेवा त्याला."
घ्यायचं नाव नाही. भावही विचारला नाही.
मी मात्र पावणेपाचच्या आत चार्जिंग पुरं करायचो.

सोळाव्या दाराला ती अडकली.
चार दिवस पोरगा पायरीवर.
पाचव्या दिवशी मालगाडी होती, लांबलचक, खनिजाची.
मागनं भाजीवाल्या जैनबीनं मान घातली,
"काय करूलालैस गं?"
मग एक रिक्षावाला, कन्नडमधून, कंदील खाली ठेव म्हणाला.
कॉलेजातला कोणी कोकणीत फोनवर बोलता बोलता
बोटानंच दाखवू लागला, डावीकडं, डावीकडं.
जैनबी म्हणाली, "अगं, सावली मोठी पाहिजे
तर दिवा लांब कशाला नेतीस? जवळ आण.
रात्री भाजी निवडताना बघतो की मी."

दार सरकलं.

गेट केव्हाच उठलं होतं.
मागनं हॉर्न, शिव्या तीन भाषांत,
आणि माझ्या काउंटरवरनं कोणी हलेना,
कारण दारापलीकडं पाणी होतं
आणि पाण्यात सावली पडत नव्हती.

त्या दिवशी विक्री: दोन बॅटऱ्या, एक होल्डर.

रात्री हुलकोटीचा फोन.
उरलेले परत नेतो म्हणाला,
हल्याळला एक जण मारामारीवाले मागतोय, बदलून देतो.
मी वही पुढ्यात घेतली.
बावीस उरलेत, त्यातला एक दोरीला,
कोपरे झिजलेला, तो आता कोण घेणार.
"एष्टु?" तो विचारत होता, किती, किती पाठवताय?

मी म्हटलं, उद्या सांगतो.
उद्या पावणेपाचनंतर.
आम्हाला अजून पाण्याचं जमलेलं नाही.