चौथा प्रश्न

विडी घरकुल, दुपारचे अडीच.
पत्रा तापलाय.
पाणी परवा येऊन गेलं, आता थेट शुक्रवारी.

श्यामला येमूल. एकविसावा दिवस.
मी फॉर्म मांडीवर घेऊन विचारते.
झोप?
“शेजारचा लूम थांबला की दचकते.”
माहेरी का नाही गेलीस?
“कुणाकडं?”
रडू येतं?
ती बाळाकडं बघते,
कुणी ठेवायला दिलेलं सामान बघावं तशी.

चौथा प्रश्न मी हळू वाचते:
घरात आधी कुणाला असं?

उंबऱ्यात पानं कापणाऱ्या सासूची
कात्री थांबते.
“मला. ह्याच्या बापाच्या वेळी.
तळ्यापतोर गेलते.
हजार विड्या द्यायच्या राहिलत्या,
म्हणून आले माघारी.”

फॉर्मवर होय, नाही, एवढंच.
श्यामला पहिल्यांदा
सासूकडं नीट बघते.