अकरा नंबरची खाट

ये. पिशवी इथं ठेव.
ती तपासतील आधी, वाईट वाटून घेऊ नकोस.
ब्लेड, पट्टा, खोकल्याचं औषध,
अत्तराची बाटलीसुद्धा काढून घेतात
आणि वहीत लिहितात, तुझ्यासमोर, सही घेऊन.
माझ्या मोज्यात चपटी सापडली होती.
शिवलिंग स्वामी हसले नाहीत, रागावले नाहीत,
मोरीत ओतली, नळ सोडला,
म्हणाले, जेवलात का?

खिडकी तासगावच्या बाजूला उघडते.
खाली बागा आहेत, हो, द्राक्षाच्याच.
मार्चात शेडवर बेदाणा वाळत पडतो,
वारा फिरला की गोडसर, गंधकाचा वास येतो खोलीत.
यावरचा विनोद इथं प्रत्येकजण एकदा करतो.
तूही करून घे.

पहिले चार दिवस तुझे नसतात.
चहा कपात थांबणार नाही,
भिंतीवरून मुंग्या चालतील, नसलेल्या.
मला कोइमतूरचं दुकान दिसायचं,
भट्टी पेटलेली, मूस लाल,
आणि शेठ विचारतोय, सव्वा ग्रॅम घट कशी आली?
मी रात्रभर हिशेब देत होतो.
रमजान मुलाणी उशाशी बसून
प्रत्येक आकड्याला "बरोबर आहे" म्हणत होता.
त्याचा तेव्हा सतरावा दिवस.
आज माझा एकेचाळिसावा.

गोळी जिभेखाली लपवू नकोस,
सिस्टर जीभ वर करायला लावतात.
पाचव्या दिवशी भूक लागेल, भाकरीचा वास डोक्यात जाईल.
सहाव्या दिवशी वाटेल, झालो बरा, सोडा मला.
चौगुले डॉक्टर ऐकून घेतात. मग विचारतात,
आणि सातव्या दिवशी?

सकाळी गोल करून बसतात.
तू म्हणशील, मी फक्त शनिवारी घ्यायचो.
कुणी खोटं म्हणणार नाही.
प्लास्टिकच्या खुर्च्या तेवढ्या कुरकुरतील.
कोपऱ्यात पलूसचे सर असतात, गणिताचे.
आयुष्यात थेंब शिवला नाही त्यांनी,
तेरा महिने अंथरुणातून उठले नव्हते.
त्यांना विचारू नकोस, तुम्हाला कमी काय होतं.
मी विचारलं होतं.
दुपारी ताटं घासताना उत्तर दिलं त्यांनी:
सकाळ.

निवेदिता मॅडम वही देतील. रोज एक पान लिहा.
मी म्हणालो, आम्ही विट्याकडचे गलाईवाले,
लिहिणं आमचं काम नाही.
मग काय येतं?
म्हटलं, झाडलोट.
दुकानातली धूळ आम्ही फेकत नाही, पोत्यात साठवतो.
वर्षानं जाळायची, धुवायची, पारा लावायचा,
पोतंभर राखेतून मुगाच्या डाळीएवढं सोनं निघतं.
त्या म्हणाल्या, मग झाडा.
झाडतोय.
अजून नुसती धूळच आहे, खरं सांगतो.

रविवारी फोन, दहा मिनिटं.
शालन उचलते, बोलत नाही.
फोन ओट्यावर ठेवते, बहुतेक मुद्दाम.
मी कुकर ऐकतो.
एकदा पोरीनं विचारलं, कुणाचा गं?
शालननं नाव घेतलं नाही. बंदही केला नाही.
मागच्या रविवारी तिसऱ्या शिट्टीला म्हणाली,
"डाळ लागेल, ठेवते."
तीन शब्द.
वहीचं अख्खं पान भरलं त्यावर.

किती दिवसांत सुटते, विचारू नकोस.
इथून हार घालून गेलेले
रिक्षातून आडवे परत आलेत.
शिवलिंग स्वामींची ही नोकरी
त्यांच्या तिसऱ्या खेपेनंतरची आहे.
किल्ल्यांचा जुडगा कमरेला असतो त्यांच्या,
पण रात्री झोपताना तो
दुसऱ्याकडे देऊन झोपतात.

बरं, चपला आत घे, कुत्रं नेतं.
व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळतो,
डोळ्यांवर टॉवेल टाक.
आणि मुंग्या आल्या तर हाक मार,
लाजू नकोस.
मी मोजू लागेन.