वेणी

तौफिक शिकलगार शिडीवरूनच ओरडला,
"मावशी, पिवळी वायर मुडपू नका, आत काच हाय!"
काच?
"केसाएवढी."

सुभाषनगरात माझा जन्म गेला चामड्यात.
भिजवलं, ठोकलं, तेल पाजलं
की कसलंही कातडं ऐकतं.
हिला तेल चालत नाही.
हिला नुसतं मोठं वळण द्यायचं.

राऊटर घराच्या मधोमध पाहिजे म्हणे.
मधोमध तर ठोकायचा दगड.
त्याच्यावरच बसवला,
खाली एक न शिवलेला तळवा घालून.
दोन दिवे हिरवे, तिसरा तांबडा. बराच वेळ तांबडाच.
"डांबावर वांदर बसलं असंल," तौफिक म्हणाला,
आणि चहा प्याला.

पासवर्डला आठ अक्षरं लागतात.
मी म्हटलं, कापशी घाल.
त्यानं इंग्रजीत मोजली, सहाच भरली.
मग यांच्या पायाचं माप सांगितलं:
डावा नऊ, उजवा नऊ.
तिसरा दिवा लागला.

तो गेल्यावर दगडामागं बघितलं तर
वायरींचा नुसता गुंता.
टीव्हीची, चार्जरची, राऊटरची, तिन्ही काळ्या,
बसल्या बसल्या वेणी घातली,
अंगठ्याच्या पट्टीला घालायचे तशी, घट्ट.

पिवळी तेवढी सैल सोडली
खिळ्यावर,
परातीएवढ्या वळणात.