दोनशे दहा पावलं

शवागारापासून मानसोपचार ओपीडी
दोनशे दहा पावलं.
मधे सायकल स्टँड, कडुलिंब,
चहाची गाडी. तिथं आमचा कप वेगळा,
कानाला लाल दोरा बांधलेला.
मोजलीत मी. अकरा वर्षांत
त्या कपाच्या पुढं गेलो नव्हतो.

बाप चादरी विणायचा, पूर्व भागात.
माग भंगारात गेले, मी ठेकेदाराकडं लागलो.
इथली सुई मोठी, गोणपाटाची.
अम्मा तेलुगूत विचारायची,
शिलाईचं काम आहे का रे?
हो म्हणायचो. खोटं कुठं होतं?

चिरणारे सही करून जातात.
बंद करतो मी.
घरच्यांना चेहरा बघायचा असतो,
म्हणून केस विंचरतो,
हनुवटीखालचा टाका आत घेतो.
हे कुणी शिकवलं नाही.

वैशाखात हैदराबाद रोडला
वऱ्हाडाची जीप. नऊ जण.
एका पोराच्या खिशात भोवरा.
हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं,
'लाकडी भोवरा नग एक, दोरीसह.'
लिफाफ्यात घातला, सील केला.
तरी रात्री फिरतोच तो, पत्र्यावर.
बायको म्हणते, पंख्याचा आवाज.
लाईट गेलेली असते तेव्हा
काहीच म्हणत नाही.

त्या दिवशी नातेवाइकांना धीर द्यायला
माणसं आली होती, निळ्या जाकिटातली,
पाण्याच्या बाटल्या घेऊन.
एकीनं मला विचारलं,
"तुमचं कोण होतं यात?"
हातमोजे पाठीमागं घेतले.
म्हटलं, कुणी नाही.

भिंतीवरच्या नंबरला एकदा फोन लावला,
पाणी यायच्या रात्री,
पाचव्या दिवसाचं, बॅरलमध्ये नळी सोडून.
तिकडच्या पोरीनं विचारलं, काम काय करता?
सांगितलं.
पलीकडं इतकं गप्प झालं
की मीच म्हटलं, ताई, पाणी प्या थोडं.
तोवर बॅरल भरून वाहिलं
आणि शेजारीण ओरडायला लागली.

ओपीडी मंगळवार-शुक्रवार, नऊ ते साडेबारा.
आमचं कामही तेव्हाच.
गेलो तर रोज कापला.
सुपरवायझर बिराजदार म्हणाला,
"येड्यांच्या डॉक्टरकडं कशाला बे?
क्वार्टर मार, झोप."
मारली. आठ वर्षं मारली.
माझ्या आधीचा नागनाथ, तोही मारायचा.
त्याला मीच शिवला.

परवा शुक्रवारी केसपेपर काढला.
खिडकीवाला म्हणाला, कुणासाठी?
भावासाठी, म्हटलं.
मला भाऊ नाही.

बाकावर बसलो. धुतलेले हात परत हुंगले.
आतल्या डॉक्टरीणबाईंना बघितलं आणि ओळखलं.
शिकायला होत्या तेव्हा आमच्याकडं
भोवळ येऊन पडल्या होत्या,
मी लिंबू कापून नाकाशी धरलं होतं.
त्याही ओळखल्या असाव्यात.
"यल्लप्पाकाका, भाऊ कुठाय?"
मी केसपेपरची घडी घालत राहिलो,
उघडत राहिलो.
त्यांनी दार लोटलं, खुर्ची पुढं ओढली.

तेवढ्यात फोन. बिराजदार.
"बॉडी आलीय. कुठं मेलास?"
बॉडीला कसली आलीय घाई.
पण कडुलिंबाखाली कुणीतरी बसलेलं असणार,
चप्पल हातात घेऊन, दाराकडं बघत.
त्याला असते.
उठलो.

बाईंनी केसपेपर मागून घेतला,
पुढची तारीख लिहिली, वेळ लिहिली,
वेळ खोडली.
वर लिहिलं, 'साडेबारानंतर. मी थांबते.'

कागद खिशात, वरून ॲप्रन.
दोरा ओला केला. सुईत जाईना.
दुसऱ्यांदाही गेला नाही.