सात हजार बिड्या

पहिला घेतला कॉलरला लावायचा, तीनशे वीसचा.
त्यात कौतिकाकाकू डब्यात बसून गायल्यासारखी,
डब्याला झाकण, झाकणावर वीट.

दुसरा कंडेन्सर. दीपंकरने नागपूरहून पाठवला,
आठ दिवसांच्या बोलीवर.
काय कान होते त्या माणसाचे!
माणूसच म्हणतो मी.
आठ दिवस घरात राहिलेल्याला दुसरे काय म्हणणार?

त्याला सगळे ऐकू आले.
संध्याकाळी निवताना टिना टिकटिकतात ते,
बोडीतले बेडूक, पल्याड राइस मिलचा पट्टा,
नेवाऱ्यांच्या घरी कोण कुणावर रुसले,
माझ्या पोटातला दुपारचा भात.
भिंतींना वाकळी टांगल्या, दारात धानाची पोती रचली,
ढाब्यावरून अंड्यांचे ट्रे मागून आणले,
तरी भाद्रपदातले अख्खे गाव आत शिरले
आणि त्यात कुठेतरी, चिमूटभर, काकू.

तिसरा हा. डायनॅमिक. चौदाशे.
वडशाच्या एका नाटक मंडळाने मोडीत काढलेला,
जाळीला पोचा, आत अजून
कुणाच्या तरी लालीचा आणि सुपारीचा वास.
याला तोंडाजवळचे तेवढे कळते,
चार बोटांपलीकडचे जग याच्या हिशेबात नाही.
विकणारा म्हणाला, “टिनाच्या घरात असाच लागते जी,
कमी आयकनारा.”
पटले.
इतक्या लवकर पटले याचे थोडे वाईटही वाटले.

जळालेल्या टेबल फॅनच्या दांड्यावर त्याला बसवले.
चाळणीच्या कड्यावर बहिणीचा नायलॉनचा मोजा ताणला,
म्हणजे प आणि फ अंगावर येणार नाहीत.
“काकू, हलायचे नाही.”
काकू हलली नाही.
गाणेही हलले नाही.
“हात रिकामे असले का मले काईच सुचत नाई, बापा.”

मग घरून सूप आले. तेंदूची ओलावलेली पाने,
जर्दा, कैची, दोऱ्याची रीळ.
आणि आले गाणे, परे खणताना बायका म्हणतात ते,
निम्मे तिचे, निम्मे तिच्या सासूचे,
कुठले कुठले हे तिलाही सांगता येत नाही.
पण पानावर वाकली की आवाज सुपात पडायचा,
दोरा तोडायला मान वर केली की परत यायचा,
आमच्या लाइनीसारखा.

शेवटी माईक दांड्यावरून काढला, हातात धरला
आणि तिच्या हनुवटीमागे निघालो.
पान, खाली. दोरा, जरा डावीकडे.
कट्टा बांधताना वर, आणि थांबायचे.
कोपर पोत्यावर टेकवले, मग तेही बधिर झाले.
तिसऱ्या गाण्यापर्यंत मला कळू लागले,
वाकण्याआधी ती कुठे श्वास घेते.
इतकी वर्षे शेजारी राहून
हे मी कधी ऐकले नव्हते.

अकरा गाणी. सहा कट्टे.

रात्री हेडफोन लावले तर कैची आहेच.
प्रत्येक कडव्यात, कच्.
तालात नाही. तालाच्या किंचित आधी,
मागून कुणी ढोसावे तशी.
पुसता येते. त्या निळ्या रेघेवर बोट ठेवले,
बराच वेळ ठेवले,
मग पंखा लावायला म्हणून उठलो,
पंखा कुठे होता?

पुढचे मात्र खरेच विसरलो होतो बंद करायला.
अकरावे संपते. सूप बाजूला सरकते. खोकला.
“कितीक पडले याचे?”
“चौदाशे.”
काकू मनात भागते. तेवढी शांतता आहे,
तिच्यामागे एक बेडूक, अगदी लांबचा,
याला कसा ऐकू आला कोण जाणे.
“सात हजार बिड्या,” ती म्हणते.
मग जाळीवर नख वाजवल्याचा आवाज,
एकदा, दोनदा,
आणि तोंड अगदी जवळ आणून,
“आन् आयकू कमी येते म्हन्ते याले?”